कुमरीपासून अप्पिकोपर्यंत : उत्तर कन्नडच्या अरण्यांचा धडा

सह्याद्रीची सदाहरित अरण्ये राखावीत, की तेथील माणसांच्या पोटापाण्याची सोय पाहावी, असा प्रश्न आज वारंवार विचारला जातो; जणू या दोन गोष्टींचे जन्मजात वैर आहे! आमच्या बेळगाव जिल्ह्याला दक्षिणेस लागून असलेल्या उत्तर कन्नडचा इतिहास पाहिला, म्हणजे हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला गेला आहे असे आम्हांस वाटते.

या भागातील कुणबी पूर्वी कुमरीची शेती करीत. उन्हाळ्यापूर्वी रानाचा एक तुकडा तोडायचा, वाळल्यावर जाळायचा, राखेत पावसाळ्याच्या तोंडावर नाचणी पेरायची, आणि दोन पिके झाली की तो तुकडा दहाबारा वर्षे रानाच्या स्वाधीन करायचा, अशी ही रीत. कुमरीने रान झिजतच नसे, असे कोणी म्हणू नये. वस्ती वाढून पडीक ठेवण्याची मुदत आखूड झाली, की झाडांना पुन्हा उभे राहण्यास अवसर उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने कुमरीवर निर्बंध घातले, तेव्हा रानाचे रक्षण हेच कारण पुढे करण्यात आले. परंतु कुमरी थांबली तरी कुऱ्हाड थांबली नाही. तिचा धनी तेवढा बदलला. सागवान जहाजांना आणि आगगाडीच्या रुळांखालील स्लीपरांना हवे होते. १८७८ च्या वनकायद्याने पिढीजात हक्कांचे रूपांतर सरकारी सवलतींत केले. सुपारीच्या बागाईतदारांना मात्र पालापाचोळ्यासाठी एकरी बागेमागे नऊ एकरांपर्यंत ‘बेट्टा’ रान मिळाले. अर्थात निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडला नाही.

स्वातंत्र्यानंतर ‘रक्षणा’ची जागा ‘विकासा’ने घेतली. १९५० नंतरच्या दशकात दांडेलीस कागदाची गिरणी उभी राहिली व तिला बांबू टनाला अवघ्या दीड रुपयाने मिळू लागला. टोपल्या विणणाऱ्या मेदारांना, म्हणजे आपल्याकडच्या बुरुडांना, तोच बांबू बाजारात कित्येक पटींनी महाग पडे. बेटे झपाट्याने खालावली, तेव्हा गावकऱ्यांवर दोष आला. १९७५ च्या सुमारास डॉ. माधव गाडगीळ यांनी पाहणी केली, तेव्हा निराळेच दिसले. तोड सुलभ व्हावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी कुंपण साफ केले जाई. त्यामुळे कोवळे कोंब गुराढोरांच्या व रानजनावरांच्या तोंडी पडत. ही गोष्ट गावकऱ्यांना आधीच ठाऊक होती. त्यांना कोणी विचारले मात्र नव्हते.

पुढे नैसर्गिक अरण्य तोडून सागाची एकसुरी लागवड होऊ लागली. तेव्हा सप्टेंबर १९८३ मध्ये शिरसी तालुक्यातील साळकणीच्या लोकांनी झाडांना मिठ्या मारून तोड अडविली. कन्नडमधील ‘अप्पिको’चा अर्थच ‘मिठी मार’ असा आहे. मिरी, मध, वेत, औषधी मुळ्या आणि बारमाही झरे ज्यांना रानातून मिळत होते, त्यांच्या दृष्टीने अरण्य राखणे हेच अर्थकारण होते.

या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. रक्षणाच्या नावाने असो वा विकासाच्या, निर्णय दूरच्या कचेरीत झाला, तेव्हा रानही राहिले नाही आणि गावही सावरले नाही. केवळ गावकऱ्यांच्या हाती सत्ता दिल्याने सर्व साधेल, असेही नाही. बेट्टा रानांपैकी काही जपली गेली, तर काही ओरबाडली गेली. हक्काबरोबर उत्तरदायित्व आले पाहिजे.

२०११ मध्ये पश्चिम घाटासंबंधीचा अहवाल सादर झाल्यावर, तो लोकांच्या भाषेत गावोगाव पोचवून ग्रामसभांचे मत घ्यावे, असा आग्रह गाडगीळांनी धरला. अहवालाच्या जागी अफवाच आधी पोचल्या, आणि घरे उठतील या भीतीने पुष्कळांनी न वाचताच विरोध केला. अरण्याचा प्रश्न येथे भाषेचा प्रश्न होतो. रानाविषयीचा निर्णय रानात राहणाऱ्याला कळेल अशा मराठीत, कोंकणीत, कन्नडमध्ये सांगणे, हे आम्हां शिक्षकांचे व भाषेची सेवा करणाऱ्या संस्थांचेही काम आहे. ते दुसऱ्या कोणाचे आहे असे समजून आपण स्वस्थ बसणे योग्य होणार नाही.