लोकसंख्या वाढली म्हणून रोजगार गेले काय?

नाक्यावर, कॉलेजात, नातेवाइकांत एकच वाक्य ऐकू येते: "लोकसंख्याच एवढी झाली, सरकार नोकऱ्या देणार कुठून?" आपली मुलेही हेच बोलू लागली आहेत, म्हणून आम्ही हा इतिहास मांडत आहोत.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेतीचे तुकडे होतात, म्हणून कायद्याने जमिनी एकत्र करा, असे तेव्हाचे तज्ज्ञ सांगत. बाबासाहेबांनी रोग वेगळा ओळखला. शेतीबाहेर काम नाही, म्हणून सगळा भार जमिनीवर पडतो. हात रिकामे राहतात, पण पोट रिकामे ठेवता येत नाही. उपाय काय? औद्योगिकीकरण. म्हणजे प्रश्न नुसत्या डोक्यांच्या संख्येचा नव्हता, त्या हातांना काम देणाऱ्या व्यवस्थेचा होता.

मग बाबासाहेबांना लोकसंख्यावाढीची चिंता नव्हती काय? होती. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांच्या वतीने तो पी. जे. रोहम यांनी मांडला. ११ विरुद्ध ५२ मतांनी तो फेटाळला गेला. त्यात स्त्रीच्या आरोग्याचा आणि गरीब कुटुंबाच्या हालअपेष्टांचा विचार होता. पण कुटुंब लहान ठेवा आणि सरकारला मोकळे सोडा, असे बाबासाहेबांनी कधी म्हटले नाही. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची करण्याची मागणी केली.

काम निर्माण झाले, तरी ते सर्वांना मिळते काय? मुंबईच्या गिरण्या आठवा. विणकामाच्या साचे खात्यात पगार जास्त होता. तिथे कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळ होईल म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न उचलला. ती जागा लोकसंख्येने अडवली नव्हती, जातीने अडवली होती.

आता आजचे आकडे पाहा. १९९२-९३ मध्ये देशात एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण २.० वर आले, महाराष्ट्रात तर १.७ वर. तरीही २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत बेरोजगारीचा दर ६.१ टक्के निघाला. पाळणा लांबला, पण नोकरीची रांग हटली नाही.

महाराष्ट्रात मात्र दोनहून जास्त अपत्ये असतील तर पंचायतीची उमेदवारी जाते, २००५ च्या नियमांनी शासकीय सेवेचे दारही बंद होते. जबाबदारी गरिबाच्या घरावर टाकली, रोजगार देण्याची जबाबदारी कोणावर?

मित्रहो, कुटुंब लहान ठेवा, ते आपल्या आयाबहिणींच्या हिताचे आहे. पण "तुम्ही जास्त झालात" असे कोणी म्हणाले, तर उलट विचारा: रिक्त पदे किती आहेत? अनुशेष कधी भरणार? कायम जागांवर कंत्राटी माणसे का?

जय भीम!