पहिल्या नंबरचा मान

बारावीचा निकाल लागतो आणि गावातली एखादी पोर जळगावला नाहीतर धुळ्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जाते. तिथे हुशार मुलांना शिष्यवृत्ती असते, गुणवंतांचा सत्कार असतो. हा मान बायकांच्या वाट्याला कसा आला, ते आज ऐकू या.

अमेरिकेत १७७६ साली 'फाय बीटा कप्पा' नावाचं विद्यार्थ्यांचं मंडळ निघालं. पुढे ते हुशारीचा मोठा मान समजलं जाऊ लागलं. त्यात पहिल्या मुली आल्या १८७५ साली, म्हणजे ९९ वर्षांनी.

आपल्याकडची गोष्ट कॉर्नेलिया सोराबजींची. जन्म १८६६चा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या गर्दीत त्या पहिल्या विद्यार्थिनी. पदवीच्या परीक्षेत त्या कॉलेजात पहिल्या आल्या. एवढ्या गुणांवर विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. त्यांना ती नाकारली. कारण एकच, त्या बाई होत्या.

त्या रडत बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना शिकवू लागल्या. इकडे विलायतेतल्या काही भल्या माणसांनी वर्गणी काढली. जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यांत होत्या. त्या पैशावर कॉर्नेलियाबाई १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पण बाईला पदवी द्यायची तिथे रीत नव्हती. पदवी हातात पडली १९२२ साली, तीस वर्षांनी.

तोवर त्या थांबल्या का? नाही. पडद्यातल्या विधवांची जमीनजुमला बळकावली जायची, त्यांना वकिलापुढे येता येत नसे. त्यांच्या बाजूने कॉर्नेलियाबाई उभ्या राहिल्या. मान उशिरा आला, काम आधी झालं.

आता आपल्या खान्देशात या. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. आज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आपल्या मुली याच विद्यापीठात शिकतात. शाळा न शिकलेल्या बाईचं नाव त्यांच्या पदवीच्या कागदावर असतं.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पोर म्हणाली, "आई, गुणवंतांच्या मंडळात माझं नाव आलंय, पैसे भरायचेत," तर आधी विचारा: मान देतंय कोण? कशावरून निवडलं? त्यातून शिक्षणाला काय हातभार लागेल? कॉलेजात जाऊन सरांना, मॅडमना विचारा, मगच पैसे काढा.

आणि दुसरी. कॉर्नेलियाबाईंची वाट वर्गणीने मोकळी झाली. दर महिन्याला पैसा जमवणं आपल्या बचत गटाला नवं नाही. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गावातली कोणती पोर पैशावाचून अडली आहे?