सावलीचा धाक

सिगारेट सोडली की वजन वाढते, म्हणून सोडायला नको, हे कारण अमेरिका-युरोपातील साठीच्या स्त्रियांच्या तोंडी आजही येते. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा कुठून आला हे शोधताना मला जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागले.

१९२८ साली अमेरिकन टोबॅको कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांनी ‘लकी स्ट्राइक’ची मोहीम सुरू केली. संदेश सरळ होता : गोड खावेसे वाटले, तर त्याऐवजी सिगारेट ओढा. मिठाई उत्पादकांनी ओरड केली, तेव्हा घोषवाक्यातून गोडाचा उल्लेख गळला. रोख मात्र तोच राहिला. पुढच्या जाहिरातींत सडपातळ व्यक्तीमागे तिचीच स्थूल सावली दाखवली जाई. उद्या तुम्ही अशा दिसाल, हा तिचा अर्थ. दरम्यान १९२९ च्या ईस्टरला एडवर्ड बर्नेज यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर तरुणींना जाहीरपणे सिगारेट ओढायला लावून तिला स्त्रीस्वातंत्र्याची मशाल ठरवले. १९६८ मध्ये फिलिप मॉरिसने ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ आणली. स्वातंत्र्य जाहिरातीत होते, सडपातळपणा नावातच.

ही भीती टिकली, कारण तिला शरीरशास्त्राचा आधार होता. निकोटीन भूक मारते आणि विश्रांतीतही शरीराचा ऊर्जाखर्च थोडा वाढवते. सिगारेट सुटली की दोन्ही परिणाम ओसरतात, जिभेची चव परतते, हाताला चाळा म्हणून खाणे वाढते. रजोनिवृत्तीनंतर स्नायू घटतात, चरबी पोटाकडे सरकते. त्यात ही भर पडते. १९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकन अभ्यासात सिगारेट सोडल्यामुळे होणारी सरासरी वाढ पुरुषांत २.८, तर स्त्रियांत ३.८ किलो आढळली.

आता तराजूचे दुसरे पारडे. १९८७ पासून अमेरिकन स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू स्तनाच्या कर्करोगापेक्षा अधिक झाले. सुमारे १२ लाख ब्रिटिश स्त्रियांचा मागोवा घेणाऱ्या ‘मिलियन विमेन स्टडी’ने २०१३ मध्ये दाखवले, की आयुष्यभर धूम्रपान करणारीची किमान १० वर्षे जातात. चाळिशीआधी सोडले, तर हा जादा धोका ९० टक्क्यांहून अधिक टळतो. उशिरा सोडणाऱ्यांनाही लाभ होतोच. त्याच वर्षी फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून दिसले, की मधुमेह नसलेल्यांत सिगारेट सोडल्यावर हृदयविकार व पक्षाघाताचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. वाढलेले वजन हिशेबात धरूनही हा लाभ कमी होत नाही.

महाराष्ट्रात वडीलधाऱ्या बायकांच्या हाती सिगारेट क्वचितच, मशेरी मात्र घरोघर दिसत असे. तिथे सबब वजनाची नव्हती. दात स्वच्छ होतात, सकाळी पोट साफ होते, असे सांगितले जाई. तव्यावर भाजलेल्या त्या तंबाखूत निकोटीन तेच होते. सवय धरली, की सबब प्रत्येक समाज आपापली शोधतो. अमेरिकेत ती शोधण्याचे काम कंपनीने पैसे मोजून केले, एवढाच फरक.

त्या काळी तरुण असलेल्या स्त्रियांना जाहिरातीने पुढच्या वयातली जाड सावली दाखवली. त्या वयापर्यंत पोहोचू न देणारी सावली कोणती, हे मात्र त्या चित्रात नव्हते. तीन-चार किलो चालण्याने, आहाराने उतरवता येतात. गेलेली दहा वर्षे परत आणता येत नाहीत.