रत्नागिरी शहर किल्ल्यावर का वाढलं नाही? रत्नदुर्गापासून रेल्वे स्टेशनपर्यंतची गोष्ट

रत्नागिरीला फिरायला गेलेला माणूस पहिल्या दिवशी काय बघतो? रत्नदुर्ग, भगवतीचं देऊळ, दीपगृह, मग थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान आणि संध्याकाळी मांडवी किंवा भाट्ये. फोटो निघतात, रील होतं. पण एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत.

किल्ल्याच्या गावांत सहसा असं होत नाही. किल्ला किंवा वाडा मध्ये, त्याला लागून बाजारपेठ, जवळच मोठं देऊळ आणि भोवती वस्ती, असं चित्र आपल्या डोळ्यासमोर असतं. रत्नागिरीत मात्र किल्ला एका टोकाला समुद्रात आहे आणि शहर त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला चढत गेलंय. हे असं का झालं?

किल्ला कसा आहे?

रत्नदुर्गाला भगवती किल्लाही म्हणतात. तो समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर आहे. तिन्ही बाजूंना पाणी आणि जमिनीकडून एक सखल पट्टी. तटबंदीचा आकार घोड्याच्या नालासारखा आणि क्षेत्र सुमारे १२० एकर.

आत वेगवेगळे भाग आहेत. भगवती देवीचं मंदिर बालेकिल्ल्यात आहे. दुसऱ्या उंचवट्यावर १८६७ सालचं दीपगृह आहे. सखल भागात पेठकिल्ला ही वस्ती आहे. तिच्या नावातच 'पेठ' आहे, म्हणजे बाजार होता तो खाली, जमिनीच्या बाजूला.

किल्ल्याची सुरुवात बहमनी काळातली मानली जाते. पुढे तो आदिलशाहीकडे होता आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. नंतर आंग्रे, पेशवे असे मालक बदलत १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला.

या सगळ्या काळात किल्ल्याचं मुख्य काम होतं समुद्रावर नजर ठेवणं. उत्तरेला मिऱ्याची खाडी, दक्षिणेला काजळी नदीचं मुख म्हणजे भाट्याची खाडी. दोन्हीकडची ये-जा या सोंडेवरून दिसते. पण तीन बाजूंना समुद्र आणि पायाखाली कातळ असलेल्या जागेवर शेती होत नाही आणि शहर पसरायला वावही नसतो. त्यामुळे पहारा वर राहिला आणि माणसं खाली नारळी-पोफळीच्या आधाराने राहिली.

मग शहर कुठे होतं?

खरं सांगायचं तर एक शहर असं नव्हतंच. किल्ला, पेठशिवापूर, झाडगाव आणि रहाटाघर अशी वेगवेगळी गावं होती. ती पुढे एकत्र येऊन रत्नागिरी झाली. यातलं रहाटाघर आजही एसटीच्या स्टँडच्या नावात रोज ऐकू येतं.

या गावांत वाड्या आणि आळ्या होत्या: खालची आळी, वरची आळी, मिरकरवाडा, राजिवडा, मांडवी. मासेमारीची वस्ती पाण्याच्या कडेला, बागायती सखल भागात आणि घरं त्या बागायतीच्या आत. कोकणातलं जुनं गाव असंच असतं. पुण्यातल्या पेठांसारखी घराला घर चिकटून नसतात, प्रत्येक घराला आपलं आवार, विहीर आणि माड असतात.

या वस्तीला बांधून ठेवणारं देऊळही किल्ल्यावर नव्हतं. बारा वाड्यांचं ग्रामदैवत श्री देव भैरी आहे आणि त्याचं मंदिर खाली वस्तीत आहे. शिमग्याला भैरीची पालखी निघते तेव्हा या वाड्या एक गाव म्हणून एकत्र येतात. किल्ल्यावरच्या भगवतीला नवरात्रात गर्दी होते, पण गावाची हद्द आणि मानपान आजही भैरीच्या पालखीशी जोडलेले आहेत.

थोडक्यात, किल्ल्याची देवी वेगळी आणि गावाचा देव वेगळा. शहराच्या नकाशातलं अंतर इथूनच सुरू होतं.

१८२२ साली काय झालं?

व्यापारासाठी कोकणात आधी नाव होतं ते दाभोळचं आणि राजापूरचं. राजापुरात तर १६४९ मध्ये इंग्रजांची वखार निघाली होती. त्या मानाने रत्नागिरी लहान होती.

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी १८१९ मध्ये दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा केला. त्याचं मुख्यालय होतं बाणकोट, म्हणजे जिल्ह्याचं अगदी उत्तरेचं टोक. तिथून खाली गोव्याच्या हद्दीपर्यंत कारभार हाकणं अवघड होतं. म्हणून १८२२ मध्ये मुख्यालय मध्यावर, रत्नागिरीत आणलं गेलं.

शहराचं नशीब बदललं ते या एका बदलीने. कचेरी आली, न्यायालय आलं, तुरुंग आला, शाळा आल्या. १८७६ मध्ये नगरपालिका झाली. कारकून, वकील, शिक्षक राहायला आले. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत हे त्यांतलेच एक. टिळकांचं मूळ गाव दापोलीकडचं चिखली, पण वडील रत्नागिरीत शिक्षक होते आणि १८५६ मध्ये टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. टिळक आळीतलं ते कौलारू घर आज स्मारक आहे. नोकरीपेशातला माणूस तेव्हा कसा राहत होता, हे बघायचं तर ते घर बघावं.

कचेऱ्या किल्ल्यावर गेल्या नाहीत. आता तोफांची गरज उरली नव्हती. गरज होती मोकळ्या जागेची आणि रस्त्याची, म्हणून सरकारी इमारती किल्ल्यापासून लांब, पूर्वेच्या चढावर उभ्या राहिल्या. शहराची पूर्वेकडची पहिली उडी ही.

आडबाजूला असण्याचा उपयोग

त्या काळी रत्नागिरीला पोहोचायचं म्हणजे बोट. पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही बंद. मागे सह्याद्री आणि रेल्वे नाही. राहणाऱ्यांसाठी ही गैरसोय होती, पण इंग्रजांना तिचा उपयोग दिसला. ज्याला लोकांपासून तोडायचं आहे त्याला ठेवायला ही जागा सोयीची होती.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासह रत्नागिरीत आणलं गेलं. मंडालेत त्याचा राजवाडा सागवानी लाकडाचा होता. इथे त्याने बरीच वर्षं बंगल्यात काढली. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उंचावर बांधलेला थिबा पॅलेस तयार झाला तो १९१० च्या सुमारास. राजा त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे.

पुढे १९२४ ते १९३७ या काळात विनायक दामोदर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही, अशा अटी होत्या. याच काळात शहराला एक नवं देऊळ मिळालं. जुन्या देवळांत अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना प्रवेश नव्हता. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी खुलं झालं. खर्च केला तो भागोजीशेठ कीर यांनी. भंडारी समाजातल्या गरीब घरात जन्मलेले भागोजीशेठ मुंबईत मोठे कंत्राटदार झाले होते. किल्ल्याच्या बाजूचं भागेश्वर मंदिरही त्यांचंच.

भगवती, भैरी आणि पतितपावन ही तीन देवळं म्हणजे शहराच्या तीन काळांच्या खुणा आहेत. पहिलं किल्ल्याचं, दुसरं गावाचं आणि तिसरं शहरातल्या वादातून उभं राहिलेलं.

सगळं ज्याच्यावर उभं आहे तो दगड

या सगळ्या बांधकामांत एक दगड सतत भेटतो: जांभा. लालसर आणि छिद्रं छिद्रं असलेला. केरळात फिरताना पाहिलेल्या याच जातीच्या दगडाला फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये 'लॅटराइट' नाव दिलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वीट.

हे नाव अगदी बरोबर आहे. खाणीत असताना जांभा मऊ असतो, विटेसारखा कापता येतो. हवा लागली की टणक होतो. कापलेल्या ठोकळ्याला इथे चिरा म्हणतात आणि खाणीला चिरेखाण. किल्ल्याचा तट असो, आळीतलं घर असो की विहिरीचं बांधकाम, चिरा सगळीकडे. वर उतरतं कौलारू छप्पर, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

पण जांभ्याचं आणखी एक काम आहे, जे दिसत नाही. तो पाणी पितो. शहराच्या मागे पसरलेलं सपाट कातळपठार, ज्याला सडा म्हणतात, ते पावसाचं पाणी भेगांतून आत मुरवतं. तेच पाणी हळूहळू उताराला झऱ्यांत आणि सखल भागातल्या विहिरींत येतं. जुन्या वाड्या सड्यावर न वसता सड्याच्या पायथ्याशी का वसल्या, याचं एक कारण हे पाणी आहे.

दुसरी उडी: सड्याकडे

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. रत्नागिरीचं स्टेशन जुन्या शहरापासून काही किलोमीटर आत, कुवारबावच्या बाजूला आहे. मुंबई-गोवा महामार्ग तर त्याहून आत, हातखंब्याला. बंदराकडे तोंड असलेलं शहर आता स्टेशनकडे तोंड करून वाढू लागलं. माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव या रस्त्याने जा, इमारती नव्या होत गेलेल्या दिसतील. चिऱ्याची जागा काँक्रीटने घेतली, कौलांची स्लॅबने.

यात चूक कुणाची नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास होती आणि खाली सखल भागात जागा उरलेली नाही. माणसं राहणार कुठे? पण सडा म्हणजे रिकामी पडीक जमीन असं समजून बांधत गेलो, तर पाणी मुरायची जागाच झाकली जाते. इतका पाऊस पडणाऱ्या या शहरात आजही मुख्य भिस्त शीळ धरणावर आहे आणि उन्हाळ्यात पाणीकपातीच्या बातम्या येतात.

आणि सडा खरंच रिकामा आहे का? याच तालुक्यात उक्षीच्या सड्यावर कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. म्हणजे किल्ल्याच्या कितीतरी आधीपासून माणूस या सड्यावर येत होता.

पुढच्या वेळी गेलात तर

दीपगृहापाशी उभे राहा आणि पाठ समुद्राकडे करा. समोर आधी माडांची सखल पट्टी दिसेल. ते जुन्या वाड्यांचं गाव. त्याच्या वर चढावरच्या इमारती, ते १८२२ नंतरचं कचेऱ्यांचं शहर. आणि मागे जे सपाट दिसतं तो सडा, जिथे शहर आता निघालंय.

किल्ल्याच्या डागडुजीबद्दल आपण बोलतो आणि बोलायलाच हवं. पण रत्नागिरी किल्ल्यामुळे टिकली नाही. ती टिकली सड्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर आणि त्याच सड्यातून काढलेल्या चिऱ्यावर. म्हणून वारसा जपायचा तर यादीत तटाच्या जोडीला सड्याचंही नाव हवं.