युनियनचे कार्ड केव्हा काढावे? न्यूयॉर्कच्या १९१९ च्या संपाचा धडा

आमच्या वस्तीतला एक तरुण गेली सहा-सात वर्षे पथनाट्य करतो. भीमजयंतीच्या जलशात तो उभा राहिला की मागे बसलेल्या म्हाताऱ्याही पुढे सरकतात. दोन वर्षांपासून तो मुंबईत मालिकांमध्ये छोटी कामे करतो. कधी हवालदार, कधी वॉर्डबॉय, कधी नायकाच्या घरचा ड्रायव्हर. पैसे ९० दिवसांनी मिळतात आणि एका निर्मात्याकडचे तर अजून आलेलेच नाहीत. मागच्या महिन्यात तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, युनियनचं कार्ड आत्ताच काढू, का थोडं नाव झाल्यावर काढू? कार्डाला पैसे भरायचे म्हणजे खोलीचं भाडं जातंय. आणि बिनकार्डाचं कमी पैशात का होईना, काम तरी मिळतंय."

प्रश्न साधा वाटतो. चित्रपटसृष्टीतले अनुभवी लोक त्याचे उत्तरही साधेच देतात: आधी दहा-बारा कामे पदरात पाड, ओळखी कर, मग कार्ड काढ. या उत्तरात हिशोब बरोबर असेल, पण इतिहास नाही. ज्यांना 'केव्हा' हा प्रश्न विचारण्याची संधीच मिळाली नाही, त्यांचा या उत्तरात पत्ता नाही. म्हणून आम्ही त्याला न्यूयॉर्कची एक जुनी हकीकत सांगितली. तीच येथे विस्ताराने मांडत आहोत.

नटांची देशव्यापी संघटना म्हणून 'ॲक्टर्स ईक्विटी असोसिएशन' २६ मे १९१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ११२ नटांनी स्थापन केली. त्या काळी अमेरिकेतल्या नटाची अवस्था काय होती? आठवडेच्या आठवडे तालमी चालत, त्याचा एक पैसा मिळत नसे. पोशाख बहुतेकदा पदरचे. जादा प्रयोग फुकट. दौऱ्यावर नाटक पडले तर निर्माता नटांना परक्या गावात सोडून निघून जाई आणि परतीच्या भाड्यासाठी त्यांना हात पसरावे लागत. इतके असूनही पहिली सहा वर्षे संघटनेच्या हाती फारसे काही लागले नाही. निर्माते तिला दारात उभे करत नव्हते.

याचे एक कारण नटांच्या डोक्यात होते. बऱ्याच नटांना वाटे, आपण कलावंत. युनियन ही सुतारांची, गवंड्यांची, हमालांची गोष्ट. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगारांच्या महासंघात जायचे की नाही, यावर ईक्विटीत अनेक वर्षे घोळ चालला. हाताने काम करणाऱ्याच्या रांगेत बसलो तर आपली प्रतिष्ठा जाईल, ही ती भीती. आम्हाला ही भीती अनोळखी नाही. श्रमाला हलके आणि श्रम न करणाऱ्याला थोर मानणारी व्यवस्था आपल्याकडे हजारो वर्षे चालत आली आहे. तिचे नाव वेगळे, एवढेच.

अखेर १९१९ च्या उन्हाळ्यात ईक्विटी कामगार महासंघात गेली आणि ७ ऑगस्ट रोजी संप पुकारला गेला. ब्रॉडवेवरची थिएटरे एकामागून एक अंधारली. मोठा नट-निर्माता जॉर्ज एम. कोहॅन मालकांच्या बाजूने उभा राहिला. संपाच्या विरोधात 'ॲक्टर्स फिडेलिटी लीग' नावाची दुसरी संघटना निघाली. संपवाल्यांनी तिचे नाव 'फिडो' पाडले, म्हणजे मालकाच्या पायाशी बसणारा कुत्रा.

आता हा संप कोणी जिंकून दिला ते पाहा. कोरसमध्ये नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली आजवर संघटनेच्या बाहेर होत्या. संप सुरू झाल्यावर त्यांची 'कोरस ईक्विटी' उभी राहिली आणि मेरी ड्रेसलर ही अभिनेत्री तिची अध्यक्ष झाली. पुढे रंगमंचामागचे कामगार आणि वाद्यवादकही पाठिंब्यासाठी बाहेर पडले. पडदा ओढणाराच कामावर नाही म्हटल्यावर नट आणणार कुठून? ६ सप्टेंबरला निर्मात्यांनी हात टेकले. आठवड्याला आठ प्रयोगांची मर्यादा मान्य झाली, तालमींवर बंधन आले, ईक्विटीला मान्यता मिळाली. ज्यांच्या रांगेत बसायला नट लाजत होते, त्यांनीच नटांना वाचवले.

कोणत्याही युनियनच्या इतिहासात ही गोष्ट सोनेरी अक्षरांत लिहिली जाते. पण याच संपातली दुसरी एक गोष्ट आहे आणि आमच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे.

बर्ट विल्यम्स हे बहामा बेटांवर जन्मलेले कृष्णवर्णीय नट. जॉर्ज वॉकर या जोडीदारासह त्यांनी १९०३ मध्ये 'इन दाहोमी' हे कृष्णवर्णीयांचे संगीत नाटक ब्रॉडवेवर आणले. १९१० पासून ते झीगफेल्डच्या 'फॉलीज' या त्या काळच्या सर्वांत झगझगीत कार्यक्रमात होते. गोऱ्या कलावंतांच्या त्या ताफ्यात ते एकटे काळे. अमेरिकेतल्या सर्वाधिक मोबदला घेणाऱ्या विनोदी नटांत त्यांची गणना होई. तरीही रंगमंचावर येताना त्यांना स्वतःच्या काळ्या चेहऱ्यावर जळक्या बुचाची काजळी फासावी लागे. गोऱ्या प्रेक्षकाच्या मनातला काळा माणूस त्याला दिसला पाहिजे ना!

'फॉलीज'मधले एडी कँटरसारखे सहकलाकार संपात उतरले आणि खेळ बंद पडला. त्या संध्याकाळची हकीकत विल्यम्स यांचे सहकारी डब्ल्यू. सी. फील्ड्स यांच्यामुळे पुढे आली. विल्यम्स नेहमीप्रमाणे थिएटरवर आले, आपल्या खोलीत गेले, रंग लावला, पोशाख चढवला आणि बाहेर येऊन पाहतात तो सगळे सुनसान. संप आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ते ईक्विटीत नव्हते आणि मालकांच्या फिडोतही नव्हते. दोन्ही बाजूंना त्यांना कळवण्याची गरज वाटली नव्हती. पुढे फील्ड्स यांच्या पुढाकाराने त्यांना ईक्विटीचे सदस्यत्व मिळाले, असे सांगितले जाते. मार्च १९२२ मध्ये ते वारले.

मित्रहो, हा प्रसंग नीट समजून घ्या. ईक्विटीच्या दारावर 'काळ्यांना प्रवेश नाही' अशी पाटी नव्हती. तिचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य म्हणून ली व्हिपर यांचे नाव घेतले जाते. म्हणजे दार कागदावर उघडे होते. पण निरोप कोणाकडून कोणाकडे जातो, हे कागदावर ठरत नाही. तो जेवणाच्या टेबलावर, क्लबात, ओळखीपाळखीत ठरतो. आणि तिथे विल्यम्स नव्हते. आपल्याकडच्या कचेऱ्यांत, महाविद्यालयांत, नाट्यमंडळांत 'आमच्याकडे जातबीत कोणी बघत नाही' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही एवढेच विचारतो: तुमचा निरोप कोणाला पोहोचत नाही, ते कधी पाहिले आहे का?

कृष्णवर्णीय कलावंतांनी यातून काय केले? त्यांनी दोन्ही पाय रोवले. १९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'निग्रो ॲक्टर्स गिल्ड' सुरू झाले. नोबल सिसल, फ्रेडी वॉशिंग्टन, बिल रॉबिन्सन ही मंडळी त्यात होती, ली व्हिपरही होते. आजारी, कफल्लक कलावंताला मदत करणे आणि कृष्णवर्णीयांच्या विटंबनेविरुद्ध आवाज उठवणे हे त्याचे काम. म्हणून त्यांनी मोठी युनियन सोडली नाही. आपले घर बांधले आणि मोठ्या घरातला वाटाही मागितला.

त्या मागणीला फळही आले. वॉशिंग्टन शहरातल्या नॅशनल थिएटरमध्ये काळ्या प्रेक्षकाला प्रवेश नव्हता. मंचावर काळा नट चाले, खुर्चीत काळा माणूस चालत नसे. ईक्विटीने ठराव करून आपल्या सदस्यांना तिथे काम करण्यास मनाई केली. मालकाने दार उघडण्याऐवजी १९४८ मध्ये तिथे सिनेमा दाखवायला सुरुवात केली. पण १९५२ मध्ये नाटक परत आणावे लागले आणि तेव्हा दार सर्वांना उघडे होते. १९१९ मध्ये विल्यम्सना निरोप द्यायला विसरलेली हीच संघटना. ती आपोआप सुधारली नाही. आत गेलेल्यांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनी तिला तिथवर आणले.

हे सारे अमेरिकेत घडले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर मुंबईकडे या. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना नेमके हेच विचारले होते. अस्पृश्य कामगाराला गिरणीच्या विणखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याने विटाळ होतो म्हणे! पगार मात्र त्याच खात्यात चांगला. बाबासाहेबांनी बजावले की ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती घेतली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. खरेच होते ते! विणखात्याचे दार मालकाने नव्हे, शेजारच्या कामगाराने अडवले होते. पुढे १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्याच्या मागे हा अनुभव होता. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले, हेही विसरू नका. त्यांनी कामगार चळवळ नाकारली नाही, तिच्यात आपला हक्क मागितला.

आणि हा प्रश्न गिरणीबरोबर संपला असेही नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकारांच्या संघटनेत बायकांना रंगभूषाकार म्हणून कार्ड मिळत नसे. बाईने केस करावेत, मेकअप पुरुषाने, असा दंडक. कॅलिफोर्नियात शिकून आलेल्या चारू खुराना यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात पाच वर्षे राहिल्याची अटही गेली. लक्षात घ्या, ही अडवणूक निर्मात्याने केली नव्हती. युनियनच्या नियमावलीने केली होती आणि ती कामगारांच्याच हिताच्या नावाने चालली होती.

मग आमच्या तरुण मित्राने काय करावे? 'नाव झाल्यावर' हे उत्तर आम्हाला मान्य नाही. बर्ट विल्यम्स यांच्याइतके नाव कोणाचे होते? नावाने त्यांना निरोप मिळाला नाही. कार्ड काढले की काम मिळेल, हाही भ्रम आहे. कार्ड काम देत नाही. बुडालेला पैसा मागताना तुमच्या मागे कोणीतरी उभे राहावे, यासाठी ते असते. १९८१ च्या कायद्याने चित्रपट कामगाराला लेखी कराराशिवाय कामावर ठेवण्यास बंदी केली, पण एकट्याने करार मागणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलावणे येत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

म्हणून आम्ही त्याला सांगितले: पोटाचा मुख्य आधार हे काम झाले, त्या दिवशी कार्ड काढ. तोवर जेव्हा संप होईल तेव्हा संपकऱ्याच्या जागी कमी पैशात उभा राहू नकोस. अर्ज भरण्याआधी नियमावली वाच. मत कोणाला आहे, ज्युनिअर आर्टिस्ट कुठे बसतो, हप्त्याने पैसे भरता येतात का, हे विचार. एकटा जाऊ नकोस, बरोबरच्या चौघांना घेऊन जा. आणि वस्तीतला जलसा सोडू नकोस, कारण मोठ्या घरात तुला कोणी ओळखले नाही तर परत यायला आपले घर हवे.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे कामासाठी नाही, मतासाठी कार्ड काढायचं." आम्ही हो म्हटले. परवा त्याचा फोन आला. नियमावली मागायला गेला होता, तर ऑफिसातल्या माणसाने विचारले, "तुला कशाला हवी?" आजवर कोणी मागितलीच नव्हती म्हणे.

पुढच्या आठवड्यात ते पाच जण मिळून मागायला जाणार आहेत.

जय भीम!