स्मृतीचा पत्ता आणि स्मृतीचे ठिकाण

पाचोरा–जामनेर ही 56 किलोमीटरांची अरुंदमापी रेल्वे 2020 पर्यंत चालू होती. तोपर्यंत जामनेरहून मुंबईस जाणाऱ्या उतारूस पाचोऱ्यास गाडी बदलावी लागे. नुसत्या दोन स्थानकांच्या नावांवरून हा खोळंबा कळत नसे; त्यासाठी वेळापत्रकच पाहावे लागे. अनेक नोडांच्या संगणकात स्मृतीविषयी हाच प्रश्न उद्भवला. तेथे पत्ता हाती होता. ठिकाण सांगणारे वेळापत्रक मात्र मागाहून आले.

महाराष्ट्रापुरता या इतिहासाचा आरंभ पुण्यात होतो. 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' सिद्ध केला. ट्रान्सप्यूटरांवर उभारलेल्या या यंत्रात प्रत्येक नोडची स्मृती स्वतंत्र होती. एका नोडवरील पत्त्यास दुसऱ्या नोडवर अर्थ नसे. तेथील माहिती संदेश पाठवूनच मागवावी लागे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास हे कष्टाचे होते खरे. परंतु कोणता आकडा कोठे आहे हे त्यास पक्के ठाऊक असे, कारण तो त्यानेच तेथे ठेविलेला असे.

सिलिकॉन ग्राफिक्सच्या 'ओरिजिन 2000' (1996) सारख्या यंत्रांनी हे कष्ट हलके केले. सर्व नोडांची स्मृती तेथे पत्त्यांच्या एकाच मालिकेत गुंफलेली होती. अंतर मात्र नाहीसे झाले नाही. दूरच्या नोडवरील स्मृती वाचण्यास अधिक वेळ लागे. स्मृतीचे प्रत्येक पृष्ठ कोणत्या नोडवर ठेवावयाचे हे संचालन प्रणाली ठरवी, आणि सामान्यतः त्यास प्रथम स्पर्श करणाऱ्या प्रोसेसरचा नोड निवडी. त्यामुळे आरंभी एकाच प्रोसेसरने संपूर्ण सारणी शून्यांनी भरली, तर ती त्याच्याच नोडवर साचे व इतरांस दूरची वाट धरावी लागे. उत्तर अचूक येई, पण उशिरा येई. अचूक उत्तरामागील असा दोष नुसता प्रोग्रॅम वाचून सापडत नाही, हीच खरी अडचण होय.

उपाय टप्प्याटप्प्याने आले. लिनक्सच्या 2.6.7 या आवृत्तीत (2004) 'गेट-मेमपॉलिसी' आले. त्यायोगे एखाद्या पत्त्याचे पृष्ठ कोणत्या नोडवर आहे हे विचारता येऊ लागले. 2.6.14 मध्ये (2005) आलेल्या 'न्यूमा-मॅप्स' या फाइलीत चालू प्रोग्रॅमच्या प्रत्येक स्मृतिखंडाची किती पृष्ठे कोणत्या नोडवर आहेत याची गणती मिळू लागली. 2.6.18 मधील (2006) 'मूव्ह-पेजेस'ने पृष्ठे हलविण्याची, तसेच न हलविता प्रत्येकाचे ठिकाण विचारण्याची सोय केली. अर्थात हे उत्तर त्या क्षणापुरतेच असते. पृष्ठ पुढच्या क्षणी अन्यत्र जाऊ शकते.

पुण्यातच 2013 मध्ये कार्यान्वित झालेल्या 'परम युवा 2' मध्ये या इतिहासाचे दोन्ही टप्पे एकत्र आढळतात. नोडानोडांत संदेशांची देवघेव होते, तर एकाच नोडमधील दोन झिऑन प्रोसेसरांपैकी प्रत्येकाची जवळची स्मृती निराळी असते. 1991 मध्ये जे ज्ञान प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातचे होते, ते आता प्रणालीस विचारून मिळवावे लागते. एकसंध पत्त्यांनी ठिकाण झाकता येते. अंतर झाकता येत नाही. म्हणूनच ठिकाण विचारण्याची सोय ही चैन नसून, अशा यंत्रावरील वेळेच्या कोणत्याही मोजणीचा पाया आहे.