चार्ल्सटनची बॅटरी

चार्ल्सटनला गेलात तर हाय बॅटरीवर जरूर चाला. ट्रेकबिक काही नाही, बंदराच्या भिंतीवरून जाणारी सपाट फरसबंद वाट. दक्षिणेकडे चालताना डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला खांबांच्या व्हरांड्यांची घरं. त्यातलं एडमन्स्टन-आल्स्टन घर १८२५ चं. १२ एप्रिल १८६१ ला इथल्या व्हरांड्यातून जनरल बोरगार्डने फोर्ट सम्टरवरचा तोफांचा मारा बघितला. अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं ते त्या दिवशी. घर तेव्हा आल्स्टनचं, भाताच्या मळ्यांचा मालक. मळ्यात राबायचे ते अर्थात गुलाम.

मी मात्र घरांकडे पाठ करून पाणीच बघत बसलो. १३ मे १८६२, उजाडायच्या आधी... रॉबर्ट स्मॉल्स, वय २३, 'प्लँटर' बोटीचं सुकाणू धरणारा गुलाम. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले. पठ्ठ्याने कप्तानाची हॅट घातली, वाटेत बायकापोरांना घेतलं, सम्टरसमोर नेहमीची शिट्टी दिली आणि बोट थेट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली! सापडलो तर बोट बुडवायची, हे आधीच ठरलेलं.

पुढे तो खासदार झाला. ब्यूफर्टमधलं जुन्या मालकाचं घरही त्याने विकत घेतलं. त्याच घरामागच्या खोपटात तो जन्मला होता.